चाचांची वही आणि अमानतीचा हिशेब



रमजान तोंडावर आला आहे. दागिन्यांचे वजन, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, कुणाकडे अडकलेले येणे, हे सगळे जोडून आता घरोघरी जकात काढली जाईल. अडीच टक्के काढताना आपण पै-पैचा विचार करतो. पण ती रक्कम मोहल्ल्याच्या बैतुलमालमध्ये दिल्यावर पुढे तिचे काय होते, ती कोणत्या खात्यात पडते, कोणाच्या हाती पोहोचते, हे विचारणारे आपल्यात फार थोडे. ‘चाचा आहेत ना!’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो.

आम्हीही कित्येक वर्षे तसेच म्हणत होतो. या महिन्यात त्या ‘चाचा आहेत ना’चीच गोष्ट सांगायची आहे.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. धानाचा मुलूख. मोहल्ल्यात राइस मिलवर हमाली करणारे आहेत, बांगड्या विकणाऱ्या बाया आहेत, गॅरेजवाले आहेत आणि आमच्यासारखे दोन-चार नोकरदार. इथल्या संस्थेचे काम लहानच. विधवांना दरमहा रेशन आणि थोडी रोख मदत, मुलांची फी आणि वह्या-पुस्तके, दवाखान्याचा खर्च, आणि अडलेल्याला बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्जे हसना. खजिनदार चाचांनी हे हिशेब 27 वर्षे सांभाळले. त्यापूर्वी ते एका मिलमध्ये दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीची वही, निळ्या शाईचा पेन आणि उजवीकडून डावीकडे धावणारे त्यांचे सुबक उर्दू अक्षर. रोज इशाच्या नमाजनंतर वही उघडायची, दिवसाची नोंद करायची, बेरीज मारायची आणि मगच घरी जायचे. एका रुपयाचा फरक आला तरी त्या रात्री चाचांना झोप लागत नसे.

ऑगस्ट 2020च्या शेवटी वैनगंगेला पूर आला. मुहर्रमचे दिवस होते, त्यात कोरोनाची बंधने. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून सोडलेले पाणी आणि वरचा पाऊस, दोन्ही एकदम खाली आले. आमच्या संस्थेच्या खोलीत कमरेइतके पाणी शिरले. कपाट लाकडी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही वह्या गच्चीवर वाळत घातल्या. पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई अशी पसरली होती, की जणू कुणी सगळ्या वहीवर निळा हात फिरवला होता.

सर्वांत मोठी चिंता कर्जे हसनाच्या वहीची होती. 14 जणांकडे पैसे बाकी होते, पण कोणाकडे किती हे वाचता येत नव्हते. चाचा भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले आणि एकेक नाव आणि रक्कम सांगू लागले. आम्ही लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी बांगड्या विकणारी एक बाई आली. चाचांनी तिच्या नावावर तीन हजार बाकी सांगितली होती. ती म्हणाली, “चाचा, तीन नाही, चार हजार आहेत. शाबानमध्ये एक हजार आणखी घेतले होते.” तिचे स्वतःचे घर पुरात अर्धे पडलेले होते. चाचांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हालाही गहिवरून आले, पण त्याच वेळी मनात भीतीही शिरली. संस्थेचा सगळा हिशेब एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर आणि एका गरीब बाईच्या इमानावर उभा होता.

ती भीती आठ महिन्यांत खरी झाली. एप्रिल 2021मध्ये, दुसऱ्या लाटेत, चाचा आजारी पडले आणि नागपूरला दवाखान्यात दाखल झाले. तीन आठवडे ऑक्सिजनवर होते. नवी वही होती, पण ती उर्दूत आणि चाचांच्या खास खुणांनी भरलेली. कार्यकारिणीत उर्दू वाचणारे आम्ही एकटे; खुणांचा अर्थ मात्र आम्हालाही लागला नाही. कोणाच्या नावापुढे काढलेला चंद्र म्हणजे काय, दोन ठिपके म्हणजे काय, कोण जाणे. त्या गोंधळात तीन विधवांची मदत दोन महिने थांबली. त्यांपैकी एकीनेही येऊन विचारले नाही. विचारायची लाज वाटली असेल. अल्लाहच्या कृपेने चाचा बरे होऊन आले, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी हेच विचारले आणि आमची मान खाली गेली.

नोंद लिहून ठेवणे हे आपल्या दीनच्या बाहेरचे काम नाही. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाजविषयी नाही, रोज्याविषयी नाही; ती सूरह बकरामधील 282वी आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत जकात गोळा करण्याचे व वाटण्याचे काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. म्हणजे या कामाला किती महत्त्व दिले गेले ते पाहा.

सहीह बुखारीतील एक प्रसंग आम्ही वर्गातही सांगतो. अल्लाहचे रसूल (स.) यांनी एका माणसाला जकात वसुलीसाठी पाठवले. तो परत आल्यावर त्याच्याकडून हिशेब घेतला. तो म्हणाला, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट म्हणून मिळाले. त्यावर आपण (स.) नाराज झालात आणि विचारलेत, की तो आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? हिशेब सहाबींकडूनही घेतला गेला. हजरत उमर (रजि.) यांनी लोकांच्या हक्कांच्या नोंदीसाठी दीवान, म्हणजे सरकारी नोंदवही, सुरू केली. चाचांना ज्या नावाने सगळी मिल ओळखत होती ते ‘दिवाणजी’ हे नाव त्याच शब्दातून आले आहे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला एक गंमत नेहमी दिसते. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, तारीख, दफ्तर, खजिनदार, रोजकीर्द हे मराठी जमाखर्चाचे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या अंगणात इतके रुळले, की कोणाला ते परके वाटत नाहीत. फडणीस हे आडनावसुद्धा ‘फर्दनवीस’, म्हणजे फर्द लिहिणारा, यावरून आले. ज्या भाषांनी या मुलखाला जमाखर्चाचे शब्द दिले, त्या भाषा बोलणाऱ्यांच्या संस्थांचे जमाखर्च मात्र ओल्या कपाटात पडून आहेत, ही गोष्ट आम्हाला टोचत होती.

तुमसरला एका कर सल्लागाराकडे काम करणारी आमची एक माजी विद्यार्थिनी आहे. बी.कॉम. झालेली, हुशार मुलगी. तिने सुचवले, “सर, क्लाउडवरचे अकाउंटिंग सॉफ्टवेअर घ्या.” क्लाउड म्हणजे काही ढगात ठेवलेली वही नव्हे. आपला हिशेब आपल्या खोलीतल्या संगणकात न राहता सॉफ्टवेअर कंपनीच्या सुरक्षित संगणक केंद्रात राहतो आणि आपण इंटरनेटवरून, पासवर्ड टाकून, मोबाइलवर किंवा संगणकावर तो उघडतो. गावात पूर आला, लाइट गेली, संगणक बिघडला, तरी वही शाबूत. दुसरा फायदा असा, की खजिनदार, सचिव आणि सी.ए. तिघे वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच वही पाहू शकतात.

आपल्या व्यापाऱ्यांना टॅली माहीत आहे. ती बेंगळुरूच्या कंपनीची, 1986पासूनची; मुळात तिचा डेटा आपल्याच संगणकात राहतो. झोहो ही चेन्नईची कंपनी, तिचे झोहो बुक्स क्लाउडवर चालते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. आम्ही कोणते घेतले ते मुद्दाम लिहीत नाही. हा स्तंभ जाहिरातीसाठी नाही, आणि प्रत्येक संस्थेची गरज वेगळी असते.

सभा इशानंतर भरली. पहिला आक्षेप आला, की अल्लाहच्या वाटेचा पैसा कंपनीच्या संगणकात कसा ठेवायचा? त्याला उत्तर सोपे होते. पैसा बँकेतच राहतो, संगणकात फक्त नोंद राहते. शिवाय ज्या सेवा सहकारी सोसायटीतून आपण धानासाठी पीककर्ज घेतो, तशा 63,000 सोसायट्यांचे संगणकीकरण करण्याची 2,516 कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जून 2022मध्ये मंजूर केली आणि तिचे सॉफ्टवेअरही क्लाउडवरचेच आहे. दुसरा प्रश्न खर्चाचा होता. सॉफ्टवेअरची वर्गणी जकातीतून द्यायची का? मौलानासाहेबांनी सांगितले, की जकातीला हात लावू नका, सर्वसाधारण देणगीतून द्या. मग आम्ही पाच जणांनी पहिल्या वर्षाची रक्कम स्वतःच्या खिशातून दिली.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने मांडला नाही. चाचा गप्प होते. सभा संपल्यावर चपला घालताना ते एवढेच म्हणाले, “मास्टरसाब, 27 वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला का?”

आम्ही म्हणालो, “नाही चाचा.”

“मग आता यंत्राला माझ्यावर पहारा द्यायला बसवता आहात?”

त्या रात्री आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर बेगमने जेवण वाढले, घास घशाखाली उतरेना. चाचांच्या इमानावर कुणालाच शंका नव्हती, पण आमच्या कामाने ती शंका त्यांच्या दारात नेऊन ठेवली होती.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सोबत तर्क नेले नाहीत, एक प्रसंग नेला. अल्लाहचे रसूल (स.) एकदा रात्री आपल्या पत्नी हजरत सफिया (रजि.) यांना सोडायला निघाले होते. दोन अन्सारी सहाबी समोरून जाताना दिसले. आपण (स.) त्यांना थांबवलेत आणि सांगितलेत, की ही सफिया आहे. सहाबींना संकोच वाटला, पण सैतान मनात संशय घालू शकतो, म्हणून आपण (स.) तो आधीच दूर केलात. आम्ही म्हणालो, “चाचा, ज्यांच्यावर संशय घेणे शक्यच नव्हते, त्यांनी संशयाला जागा ठेवली नाही. उद्या तुमच्यानंतर जो खजिनदार येईल, तो तुमच्यासारखा असेलच असे नाही. ही सोय त्याच्यासाठी आहे. आणि त्या तीन बायांसाठी आहे.”

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्यात उर्दू चालते का?” आम्ही म्हणालो, नावे आणि तपशील उर्दूतही लिहिता येतात. ते म्हणाले, “ठीक आहे. दाखवा.”

1 एप्रिल 2023पासून नवे आर्थिक वर्ष नव्या वहीत सुरू करायचे ठरले. त्या दिवशी नववा रोजा होता. ही आमची पहिली चूक. रमजान हा आपल्या संस्थांचा सर्वांत गर्दीचा महिना. वर्षाची बहुतेक देणगी त्याच दिवसांत येते. अशा वेळी कागदी वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही सांभाळताना आमची धांदल उडाली. त्या गडबडीत आमच्याच हातून जकातीची एक मोठी रक्कम ‘इमारत दुरुस्ती’ खात्यात पडली. हनफी मसलकप्रमाणे जकात एखाद्या गरजवंताच्या मालकीची करून द्यावी लागते. ती भिंतीला आणि पत्र्याला लागत नाही. ही चूक कोणी पकडली? चाचांनी. त्यांनी सॉफ्टवेअर पाहिलेही नव्हते. आपली वही आणि आमचा छापील ताळा शेजारी ठेवून ते म्हणाले, “यंत्र बेरीज चुकत नाही मास्टरसाब, पण जकात कुठली आणि चंदा कुठला, हे त्याला कसे कळणार?”

खरेच आहे. सॉफ्टवेअरला फक्त जमा आणि खर्च कळतो. नियत आपणच सांगावी लागते. म्हणून त्या दिवशी बसून आम्ही खाती नव्याने पाडली. जकात वेगळी. फितरा वेगळा, कारण तो ईदच्या नमाजआधी वाटून संपला पाहिजे. कुर्बानीच्या चामड्याचे पैसे वेगळे. सदका व सर्वसाधारण देणगी वेगळी. कर्जे हसना वेगळे, कारण तो खर्च नाही, येणे आहे. आणि बचत खात्यावर बँकेने जमा केलेले व्याज सगळ्यांत वेगळे. ते सवाबच्या नियतशिवाय गरजूंना देऊन टाकायचे. देणगी घेतानाच देणाऱ्याला विचारायचे, ‘हे कशाचे?’ आणि पावतीवर तसे लिहायचे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला अशी खूण लावता येते. मग जकात खात्यात आज किती शिल्लक आहे, हे कधीही पाहता येते.

दुसरी चूक अधिक दुखावणारी होती. सहा महिन्यांनी एका तरुण कार्यकर्त्याने, चांगल्याच हेतूने, ‘पाहा आपले काम किती पारदर्शक’ असे लिहून मदतीच्या यादीचे छायाचित्र मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटात टाकले. यादीत नावे होती. दहा मिनिटांत ते काढले, पण दहा मिनिटे पुष्कळ झाली. एका मुलाने शाळेत येणे बंद केले. तो आमच्याच वर्गातला. तीन दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो तर त्याची आई दाराआडून म्हणाली, “सर, रेशन नको. आमचे नाव काढून टाका.”

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण ज्यांना मिळाली त्यांनी घेणाऱ्याची लाज चव्हाट्यावर आणली होती. पुरात भिजलेल्या वहीने इतके नुकसान केले नव्हते. आम्ही त्या बाईची आणि मुलाची माफी मागितली. मुलगा चौथ्या दिवशी शाळेत आला, पण कित्येक आठवडे त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

यावर उपाय चाचांनीच काढला. ते म्हणाले, “देणाऱ्याची नावे तुमच्या यंत्रात ठेवा. घेणाऱ्याची माझ्याकडे द्या.” तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये मदत घेणाऱ्याचा फक्त क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, हे एका लहान वहीत, चाचांच्या उर्दू अक्षरात, लिहिलेले आहे. तिची दुसरी प्रत मोहरबंद पाकिटात अध्यक्षांच्या घरी असते आणि दर सहा महिन्यांनी नवी केली जाते. सह्या आणि अंगठे असलेली व्हाउचरे कुलपात राहतात. लेखापरीक्षक येतात तेव्हा त्यांच्यासमोर पडताळणी होते. खुणांचा अर्थही आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. चंद्र म्हणजे यतीम मुले असलेले घर. दोन ठिपके म्हणजे घरी जाऊन द्यायचे, बोलवायचे नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, कोणती नोंद बदलली याचा माग राहतो. 1 एप्रिल 2023पासून कंपन्यांना असे माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. आपल्या ट्रस्टना तो नियम लागू नाही, तरी सॉफ्टवेअर घेताना ही सोय आहे का ते अवश्य विचारावे. हे चाचांना सांगितले तेव्हा ते हसले. “म्हणजे किरामन कातिबीनसारखे! खांद्यावर बसून लिहीत राहणारे. मग पहारा म्हणायचे कारण नाही. तो तर जन्मापासूनच आहे.”

आता कायद्याचे थोडे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे नोंदणीकृत संस्थेने 31 मार्चला हिशेब बंद करावेत, त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे आणि ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक ठरलेल्या नमुन्यात धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावे. आयकर नियमांत ऑगस्ट 2022मध्ये 17एए हा नियम आला. आयकर सवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांनी रोजकीर्द, खतावणी, पावत्यांची स्थळप्रत, बिले, कर्ज व मिळकतीची नोंद असे सर्व कागद दहा वर्षे सांभाळावेत, असे त्यात आहे. संगणकीय स्वरूपात ठेवले तरी चालतात. ज्या संस्थांना 80जीची मान्यता आहे त्यांनी देणगीदारांचे विवरण दरवर्षी 31 मेपर्यंत ऑनलाइन भरायचे असते, तेव्हाच देणगीदाराला प्रमाणपत्र देता येते. आणि दोन हजारांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. नवा आयकर कायदा, 2025 हा 1 एप्रिल 2026पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून आपल्या सी.ए.ला एकदा भेटून यावे.

गुप्त दान देणारे विचारतात, आमचे नाव का लिहिता? त्यांना समजावून सांगावे लागते. निनावी देणग्या एका मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेला त्यावर 30 टक्के कर बसू शकतो. पूर्णपणे धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे, पण आपल्यासारख्या फी आणि दवाखान्याची मदत करणाऱ्या संस्थेने नाव आणि पत्ता लिहून घेणेच बरे. नाव वहीत राहील, मशिदीच्या माइकवर येणार नाही, एवढी हमी आम्ही देतो.

वक्फ मिळकतींची माहिती ‘उम्मीद’ पोर्टलवर भरण्यासाठी 6 जून 2025पासून सहा महिन्यांची मुदत होती. त्या दिवसांत जुने कागद, नकाशे आणि सनदा शोधताना झालेली धावपळ अनेक मुतवल्लींना आठवत असेल. कागद वेळेवर सांभाळला असता तर त्या रात्री जागाव्या लागल्या नसत्या. यापुढे मागणी होईल ती संगणकावरच होईल, हे आता धरून चालावे.

2025मध्ये एक योग आला. 29 रोजे झाल्यावर, 30 मार्च 2025 च्या संध्याकाळी चाँद दिसला. म्हणजे ईद आणि आर्थिक वर्षाचा शेवट एकाच दिवशी, 31 मार्चला. जकातीचे वर्ष चंद्रावर चालते, ते 354 किंवा 355 दिवसांचे. सरकारचे एप्रिल ते मार्च. जुन्या वहीत ही दोन वर्षे जुळवताना चाचांचा आठवडा जात असे. सॉफ्टवेअरमध्ये दोन तारखा टाकल्या की रमजान ते रमजान हिशेब समोर येतो.

त्या चाँदरातीला संस्थेच्या खोलीत आम्ही चौघे होतो. बाहेर मेंदीच्या आणि शेवयांच्या दुकानांवर गर्दी. फितऱ्याच्या खात्यात 2,340 रुपये शिल्लक दिसत होते. आमची विद्यार्थिनी मोबाइलवर पाहत होती. चाचांनी लहान वही उघडली, बोट फिरवले आणि म्हणाले, “31 क्रमांक आणि 8 क्रमांक. दोघांकडे दोन ठिपके आहेत. घरी जाऊन द्या.” दोन तरुण गेले. पाऊण तासाने परत आले, सही-अंगठ्याची व्हाउचरे टेबलावर ठेवली. मुलीने नोंद केली आणि मोबाइल चाचांपुढे धरला. “पाहा चाचा, फितरा खाते शून्य.”

चाचांनी चष्मा पुसला, पडद्यावरचे शून्य पाहिले, मग आपल्या वहीतही शून्य लिहिले आणि त्याभोवती गोल केला. “आता झोप लागेल,” ते म्हणाले.

ज्या संस्थांना हे काम सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या चुकांवरून काही गोष्टी. रमजानमध्ये सुरुवात करू नका. आजपासून सराव करा, पण खरी सुरुवात 1 एप्रिलला करा. सुदैवाने यंदा ईद त्याआधी होत आहे. किमान दोन महिने कागदी वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा आणि दर जुम्याला ताळा पाहा. नोंद करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, फक्त पाहू शकणारा तिसरा, असे हक्क वेगळे ठेवा. पासवर्ड एकाच्या नावावर आणि एकाच्याच डोक्यात नको. संस्थेच्या ईमेलवर खाते उघडा, कारण माणसे बदलतात. दर महिन्याला सगळा हिशेब उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि वर्षातून एकदा छापून बांधून घ्या. उद्या वर्गणी भरायची राहिली किंवा कंपनी बदलली तर वही आपल्या हातात असली पाहिजे. मदत घेणाऱ्यांची नावे क्लाउडवर आणि व्हॉट्सॲपवर टाकू नका. आणि जुन्या खजिनदाराला बाजूला सारून काहीही नवे सुरू करू नका. नवी वही त्याच्या हातूनच उघडा.

तो मुलगा आता नववीत आहे. गेल्या महिन्यात तासानंतर थांबला आणि म्हणाला, “सर, मला ते हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवाल का?” पुढच्या रविवारपासून तो संस्थेत येतो. पावत्यांचे काम त्याच्याकडे दिले आहे. लहान वही कुठे ठेवली आहे, हे चाचांनी त्याला सांगितलेले नाही आणि त्याने विचारलेलेही नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.